कागदावर कोमल, गळ्यात शुद्ध

प्रश्न : माझी नात अमेरिकेत शिकते. तिच्या शाळेच्या कॉयरने गायलेल्या एका जुन्या ख्रिस्ती गीताचे ध्वनिमुद्रण तिने मला पाठवले. गीताचे नाव 'व्हॉट वंड्रस लव्ह इज धिस'. एवढी मुले गातात, पण साथीला एकही वाद्य नाही. मी लहानपणी काही वर्षे हार्मोनियम शिकले होते. ही चाल ऐकताना मला सारखा काफी आठवत राहिला. हा माझ्या कानाचा भास, की त्यात काही तथ्य आहे? हे गीत कोणी रचले, ते वाद्यांविना का गातात, आणि आमच्या भजनी मंडळातल्या बायकांना ते बसवता येईल का?
— एक वाचक, सांगली

उत्तर : तुमच्या कानाने अगदी बरोबर पकडले आहे. या चालीत गंधार आणि निषाद कोमल, बाकीचे सूर शुद्ध, म्हणजे सरळसरळ काफी थाटाचे सूर. पाश्चात्त्य संगीतात या स्वरसमूहाला डोरियन म्हणतात. हार्मोनियम घरात असेल तर पांढरी दोनला षड्ज धरा आणि काळ्या पट्ट्यांना हात न लावता वरच्या षड्जापर्यंत जा. तुम्हाला आठवलेला रंग बोटांखाली येईल. थाट काफीचा आहे, राग काफी मात्र नाही. काफीचे चलन, त्यातल्या ठुमरी-होरीच्या जागा यांचा इथे संबंध नाही. तरीही सूर तेच आहेत, आणि सांगलीत बसून ते तुम्ही ओळखलेत याचा मला मनापासून आनंद झाला.

यात एक नवल आहे. हे गीत ज्या जुन्या पुस्तकांत छापले गेले, त्यांत ते काफी थाटात नाहीच. तिथल्या स्वरलिपीप्रमाणे वाजवायला बसलात तर धैवतही कोमल येतो, आणि तो झाला आसावरी थाट. म्हणजे मघाच्या पांढरी दोनच्या सप्तकात पांढरी सात सोडून काळी पाच धरावी लागेल. अमेरिकेच्या दक्षिणेकडच्या खेड्यापाड्यांत पिढ्यान् पिढ्या हे गीत गाणाऱ्या घरांतले लोक मात्र पुस्तक समोर उघडे असूनही तो धैवत चढवून शुद्धच लावतात. कागदावर तशी कोणतीही खूण नसते. आई-वडिलांना, आजी-आजोबांना तसे गाताना ऐकले, म्हणून तसे गायचे. पुढे अभ्यासकांनी आणि नव्या गीतसंग्रहांच्या संपादकांनी गाणाऱ्यांचे प्रमाण मानले. आजच्या बऱ्याच पुस्तकांत ही चाल शुद्ध धैवतानेच छापलेली दिसते, आणि तुमच्या नातीच्या शाळेनेही तीच गायली आहे. मला स्वतःला या गीताबद्दलची ही सर्वांत मोलाची गोष्ट वाटते.

आता हे रचले कोणी? शब्दकर्त्याचे नाव कुठेच नाही. शब्द पहिल्यांदा छापलेले दिसतात ते 1811 मध्ये, व्हर्जिनियातल्या लिंचबर्ग इथे निघालेल्या एका गीतसंग्रहात. तो काळ 'कॅम्प मीटिंग'चा होता. 1801 च्या ऑगस्टमध्ये केंटकीतल्या केन रिज इथे हजारो माणसे कित्येक दिवस उघड्यावर मुक्काम ठोकून प्रवचने ऐकत होती, रडत होती, गात होती. तेव्हापासून असे मेळावे सरहद्दीवरच्या वस्त्यांमध्ये भरत राहिले. इतक्यांच्या हातात पुस्तके कुठून येणार? आणि पुस्तक मिळाले तरी वाचता येणारे थोडे. त्यामुळे अशा मेळाव्यांची गीते एकदा ऐकून म्हणता येतील अशीच घडली. तुमच्या ध्वनिमुद्रणात एकच छोटा शब्दगट पुन्हा पुन्हा येतो, तो याच घडणीचा. पहिली ओळ जो उचलेल त्याच्यामागे बाकीच्यांना लगेच गाता यावे, अशी ती सोय आहे.

या शब्दांच्या कडव्याचा साचा, म्हणजे कुठे ओळ तोडायची आणि कुठला तुकडा पुन्हा म्हणायचा हे सगळे, एका अगदी वेगळ्या गाण्यात आधीपासून होते. ते गाणे कॅप्टन विल्यम किडचे. हा किड आपल्या किनाऱ्याला अपरिचित नव्हता. 1697 मध्ये त्याचे जहाज कारवारला लागले होते, आणि 1698 च्या जानेवारीत बंगालहून सुरतेकडे निघालेले 'केदाह मर्चंट' हे मालाने भरलेले जहाज त्याने मलबारच्या बाजूला लुटले. सुरतेच्या इंग्रज वखारीला मोगलांच्या रोषाला तोंड द्यावे लागले. पुढे किड पकडला गेला आणि 1701 मध्ये लंडनला थेम्सकाठी फासावर गेला. त्याच्या तोंडी घातलेले पश्चात्तापाचे गाणे तेव्हा लंडनच्या रस्त्यांवर एकेका कागदावर छापून विकले गेले आणि लोकांबरोबर समुद्र ओलांडून अमेरिकेत पोचले. त्याच वळणावर पुढे भक्तीचे शब्द बसले. यात मला वावगे काही दिसत नाही. लोकांच्या तोंडी जे वळण आधीच बसलेले असते, त्याच वाटेने नवे शब्द लवकर आत शिरतात.

आज गातात ती चाल स्वरलिपीत आली ती 1840 मध्ये. साउथ कॅरोलायनातल्या स्पार्टनबर्ग गावी विल्यम वॉकर नावाचा गायनशिक्षक होता. लोक त्याला 'सिंगिंग बिली' म्हणत. त्याने 1835 मध्ये 'सदर्न हार्मनी' हे पुस्तक काढले. त्याच्या 1840 च्या आवृत्तीत ही चाल तीन आवाजांत मांडलेली आहे आणि तिच्यावर क्रिस्टोफर असे आडनाव आहे. क्रिस्टोफरने ती स्वतः बांधली की लोकांच्या तोंडून उतरवून घेतली, हा प्रश्न अशा चालींच्या बाबतीत फारसा लावून धरण्यात अर्थ नसतो. वॉकरचा साडू बेंजामिन फ्रँकलिन व्हाइट जॉर्जियात जाऊन राहिला आणि त्याने ई. जे. किंग याच्याबरोबर 1844 मध्ये 'सेक्रेड हार्प' हा संग्रह काढला. हाच संग्रह, वेळोवेळी नवे संस्करण होत, आजही गायला जातो. त्यात हे गीत 159 व्या पानावर आहे, आणि जाणकार मंडळी नावापेक्षा पानाच्या आकड्यानेच ते ओळखतात.

वाद्ये का नाहीत, याचे उत्तर आणखी मागे आहे. मॅसॅच्युसेट्समध्ये सतराव्या शतकात आलेल्या प्युरिटन लोकांच्या मते उपासनेत फक्त बायबलमधली स्तोत्रे गावीत आणि ती माणसाच्या कंठाने गावीत. ऑर्गन म्हणजे त्यांना रोमन चर्चचा थाटमाट. बोस्टनच्या थॉमस ब्रॅटल या सधन गृहस्थाने 1713 मध्ये मृत्युपत्राने आपला ऑर्गन स्वतःच्या चर्चला देऊ केला. ज्या चर्चचा तो आधार होता आणि ज्याच्या रस्त्याला त्याच्याच घराण्याचे नाव होते, त्या चर्चने तो ऑर्गन नाकारला. मग तो अँग्लिकन लोकांच्या किंग्ज चॅपेलने घेतला. तत्त्वाबरोबर पैशाचाही भाग होता. इंग्लंडहून ऑर्गन आणणे खेड्यातल्या चर्चला कधीच परवडले नसते. अठराव्या शतकाच्या शेवटी न्यू इंग्लंडमध्ये, म्हणजे मॅसॅच्युसेट्स आणि आसपासच्या भागात, खर्जाला आधार म्हणून चेलोसारखे एक वाद्य चर्चमध्ये हळूच आले. दक्षिणेत मात्र प्रिमिटिव्ह बॅप्टिस्टांसारख्या पंथांनी बिनवाद्याचा नेम आजवर पाळला आहे.

पण वाद्य नाही आणि स्वरलिपीही नाही म्हटल्यावर चाली घसरू लागतात. अमेरिकेतल्या इंग्रज वसाहतींत छापलेले पहिले पुस्तक म्हणजे 1640 चे 'बे साम बुक', स्तोत्रांचेच. पण त्यात चाली छापल्या गेल्या त्या 1698 च्या आवृत्तीत. मधल्या काळात चर्चमधला एक जण ओळ म्हणून दाखवी आणि बाकीचे ती ओढत, आपापल्या परीने वळवत गात. शेजारच्या दोन गावांत एकच चाल दोन तऱ्हांनी ऐकू येई. काही पाद्र्यांना हे खटकले. 1720 च्या दशकात 'नियमाने गाणे शिका' अशी त्यांची मोहीम निघाली, तिला विरोधही कडाडून झाला, आणि त्या वादातून गायनशाळा जन्मल्या. फिरता गुरुजी गावात येई, काही आठवडे मुक्काम करी, संध्याकाळी तरुण मुलेमुली मेणबत्त्या घेऊन जमत आणि स्वरलिपी शिकत. तरुणांना एकमेकांना भेटायची ही एक सोज्वळ सोय होती, हेही या शाळा भरभरून चालण्याचे कारण.

याच शाळांतून विल्यम बिलिंग्ज वर आला. हा बोस्टनचा, 1746 चा जन्म, धंदा चामडे कमावण्याचा. एक डोळा अधू, एक पाय आखूड. 1770 मध्ये त्याने 'न्यू इंग्लंड साम सिंगर' काढले. एकाच अमेरिकन रचनाकाराच्या स्वतःच्या चालींचे ते पहिले पुस्तक. आतले चित्र पॉल रेव्हिअरने कोरले होते, अमेरिकन स्वातंत्र्ययुद्धाच्या गोष्टींत घोड्यावरून रात्री दौडत गेलेला तोच. बिलिंग्जच्या 'चेस्टर' या चालीने त्या युद्धात सैनिकांच्या मनांना उभारी दिली. तो स्वतः 1800 मध्ये दारिद्र्यात गेला. पुढच्या पिढीत लोवेल मेसन आणि त्याच्या सहकाऱ्यांनी युरोपातल्या नियमांप्रमाणे 'सुधारलेले' संगीत बोस्टनच्या चर्चमध्ये आणि शाळांमध्ये रुजवले आणि बिलिंग्जच्या घराण्याच्या चाली गावंढळ ठरल्या. मेसनचे उपकार मोठे आहेत, 1838 मध्ये बोस्टनच्या सार्वजनिक शाळांत संगीत आले ते त्याच्यामुळे. तरी या बाबतीत त्याने फार मोठी चूक केली, असे माझे ठाम मत आहे. उत्तरेने टाकलेले हे गाणे दक्षिणेतल्या शेतकऱ्यांनी सांभाळले.

सांभाळता आले ते एका साध्या युक्तीमुळे, आणि सरगम शिकलेल्या तुम्हाला ती चटकन कळेल. 1801 च्या सुमाराला लिटल आणि स्मिथ या दोघांच्या 'ईझी इन्स्ट्रक्टर' या पुस्तकात स्वरांची डोकी वेगवेगळ्या आकारांत छापली गेली. फा म्हणजे त्रिकोण, सोल म्हणजे गोल, ला म्हणजे चौकोन, मी म्हणजे हिऱ्याचा आकार. नावे चारच. आपल्या बिलावलच्या सप्तकाला ती अशी लागतात : सा फा, रे सोल, ग ला, म फा, प सोल, ध ला, नी मी. सात सुरांना चार नावे कशी पुरतात? सा-रे-ग आणि म-प-ध हे दोन तुकडे स्वतः गाऊन पाहा. दोन्हींतली अंतरे अगदी सारखी आहेत. षड्ज-मध्यम संवाद म्हणून आपण जे शिकतो तेच त्या लोकांनी आकारांत बसवले. राहिला एकटा निषाद, त्याला मी. स्वरलिपीच्या पाच रेघा न वाचता येणारा माणूसही नुसता आकार पाहून सूर काढू शकतो. आजही या मंडळींत प्रत्येक गीत आधी या नावांनी गातात, जसे आपण बंदिशीची सरगम म्हणावी, आणि मग शब्दांनी.

आता मघाचा धैवत पाहा. कोमल गंधाराच्या चालींत षड्ज 'ला'वर धरतात : सा ला, रे मी, ग फा, म सोल, प ला, आणि ध पुन्हा फा. या मांडणीत धैवताला कोमलच जागा आहे, कारण ला आणि फा यांच्यात अर्ध्या सुराचेच अंतर. डोरियनसाठी या पद्धतीत घरच नाही. पुस्तक लिहिणाऱ्याने हातात होते त्या दोन साच्यांपैकी जवळचा साचा घेतला. म्हणून जुने गाणारे तोंडाने 'फा' म्हणतात, डोळ्यांना त्रिकोण दिसतो, आणि गळा मात्र शुद्ध धैवतावर जातो. जुनी ध्वनिमुद्रणे मिळाली तर आकारांची ही पहिली फेरी लक्ष देऊन ऐका. लोकगीतांचा संग्राहक अॅलन लोमॅक्स याने 1959 मध्ये अलाबामातल्या फाइफ गावी केलेली ध्वनिमुद्रणे या गायकीची ओळख करून घ्यायला फार चांगली.

ती ऐकलीत की कदाचित दचकाल. नातीच्या शाळेचा कॉयर हळुवार सुरू होत असेल, चढत असेल, उतरत असेल. गावाकडची मंडळी पहिल्या सुरापासून शेवटच्या सुरापर्यंत छाती फोडून गातात. चार बाजूंनी बाके मांडलेली, मध्ये मोकळा चौक. एका बाजूला टेनर, शेजारी ट्रेबल, मग आल्टो आणि बास, सगळ्यांची तोंडे आत. मुख्य चाल टेनरकडे असते आणि टेनरमध्ये बायका-पुरुष दोघेही बसतात, एका सप्तकाच्या अंतराने तेच गातात. ट्रेबलचेही तसेच. त्यामुळे चार ओळींचे लिखाण कानाला सहा आवाजांइतके भरीव लागते. पट्टी ठरवायला पियानो नाही, स्वरकाटाही नाही. एखादा जुना जाणता आवाज अंदाजाने षड्ज देतो आणि खोलीला झेपेल अशी पट्टी नेमकी लागते. ज्याची पाळी तो चौकात उभा राहून पान पुकारतो, हात वर-खाली करून लय धरतो, गीत संपले की जागेवर जाऊन बसतो. आठ वर्षांची मुलगीही उभी राहते, ऐंशी वर्षांचे आजोबाही. श्रोते नसतात. गायला आलेलेच ऐकतात. त्या चौकात मध्यभागी उभे राहणाऱ्याच्या कानांवर चारही बाजूंनी एकदम आवाज येतो, म्हणून नवख्याला मुद्दाम तिथे बोलावतात. दुपारी चर्चच्या आवारात लांब टेबलांवर घरोघरचे डबे उघडतात, आणि जेवून पुन्हा गाणे.

स्वरमेळाचीही त्यांची रीत निराळी. प्रत्येक आवाजाला स्वतंत्र चाल, नुसता आधार नाही. आणि या वळणाच्या पुष्कळ गीतांत शेवटी गंधार गळून फक्त षड्ज-पंचम उरतात. जुळलेल्या तंबोऱ्याने खोली भरते तसे तेव्हा होते. युरोपच्या नियमांत बसलेल्या कानांना हा पोकळपणा वाटला, मेसनच्या लोकांना तो दोष वाटला. आपल्या कानांना तो घरचा वाटतो. तुम्हाला हे गीत इतके जवळचे का वाटले, त्यात काफीइतकाच याचाही भाग असेल.

ही परंपरा केवळ गोऱ्या शेतकऱ्यांची नाही, हेही सांगायला हवे. अलाबामातल्या कृष्णवर्णीय गायकांची स्वतःची अशी मंडळे होती आणि त्यांच्यासाठी जज जॅक्सन यांनी 1934 मध्ये 'कलर्ड सेक्रेड हार्प' हा संग्रह काढला.

सभागृहात हे गीत गेले ते विसाव्या शतकात. अॅलिस पार्कर आणि रॉबर्ट शॉ यांनी वाद्यांविना गाणाऱ्या कॉयरसाठी त्याची मांडणी केली, ती जगभर गायली जाते. सॅम्युअल बार्बरने 1958 मध्ये ऑर्गनसाठी त्यावर रचना केली. ब्रॅटलचा ऑर्गन नाकारणाऱ्यांच्या वारशातली ही चाल अखेर ऑर्गनवरही आली. मला दोन्ही प्रकार आवडतात, पण एकच निवडायचा झाला तर मी बाकांचा चौक निवडेन.

आपल्याकडे याचा धागा आहे का? न्यू इंग्लंडच्याच मिशन मंडळाचे गॉर्डन हॉल आणि त्यांचे सोबती 1813 मध्ये मुंबईला उतरले, पुढे अहमदनगर हे त्या मिशनचे मोठे केंद्र झाले. त्यांच्या उपासनेत पाश्चात्त्य चालींवर बसवलेली मराठी गीते गायली जात. रेव्हरंड ना. वा. टिळकांना ते अपुरे वाटले. त्यांनी अभंग-ओवी आणि देशी चालींत गीते लिहिली, आणि 'उपासना संगीत' हातात धरून मराठी ख्रिस्ती मंडळी ती आजही गातात. केन रिजच्या माळावर लोकांनी जे केले, म्हणजे आपल्या तोंडच्या वळणात आपली भक्ती ओतली, तेच टिळकांनी मराठीत केले, असे मी मानतो.

आता तुमच्या मंडळाविषयी. नक्की बसवा. सुरुवातीला चार आवाजांच्या मागे लागू नका, 1840 ची मूळ मांडणी तीनच आवाजांची होती. मधली मुख्य चाल बहुतेकींनी गावी, वरची ट्रेबलची ज्यांचे गळे चढे आहेत त्यांनी, आणि खर्जासाठी घरातल्या दोन-तीन पुरुषमंडळींना बोलवा. चाल फार उंच नाही, पण ट्रेबलला जागा लागते. म्हणून काळी एक किंवा त्याच्या आसपास षड्ज धरून पाहा, कोणी ओढाताण करू लागले की अर्ध्या सुराने खाली या. शब्दांआधी आठवडाभर नुसती सरगम म्हणा. टाळ, तबला, पेटी काही नको. पेटी फक्त पहिला सूर द्यायला जवळ ठेवा. लय चालण्याची ठेवा, रेंगाळू देऊ नका, इथेच बरेच कॉयर फसतात. वॉकर आणि व्हाइट यांच्या जुन्या आवृत्त्यांवर आता कोणाचा हक्क उरलेला नाही, त्यांची पाने मोफत मिळतात आणि छापून वाटता येतात. पार्कर-शॉ यांची मांडणी हवी असेल तर तिच्या प्रती विकत घ्याव्या लागतील, आणि तिला पुरुषांचे आवाज पुरेसे लागतील.